फ्रॅक्सिनस, भूर्ज आणि त्यांची भावंडं: एका लॅटिन वृक्षनामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रॅक्सिनस या लॅटिन नावाचं मूळ, त्याचं आपल्या भूर्जाशी, म्हणजे हिमालयातल्या बर्चशी, असलेलं नातं आणि युरोपभर पसरलेले त्याचे वंशज यांबद्दल भाषेचे आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आधी चांदणी (*) लावलेली रूपं लिखित पुराव्यात सापडत नाहीत. ती भाषांची तुलना करून सिद्ध केलेली आहेत.

फ्रॅक्सिनस म्हणजे नेमकं कोणतं झाड?

इंग्रजीत ज्याला अ‍ॅश म्हणतात ते. ऑलिव्हच्या कुळातलं हे झाड आहे. म्हणजे आपली जाई, जुई आणि पारिजातक ही त्याची नातलग मंडळी. युरोपातला सर्वांत परिचित अ‍ॅश म्हणजे फ्रॅक्सिनस एक्सेल्सिऑर. तो सहज ३० मीटरपर्यंत वाढतो. पानं संयुक्त आणि समोरासमोर, फळ एका पंखाचं. वाऱ्यावर गिरक्या घेत ते खाली येतं. सह्याद्रीत हे झाड आढळत नाही, हिमालयात मात्र फ्रॅक्सिनस फ्लोरिबंडासारख्या जाती आहेत.

लाकूड चिवट आणि लवचिक. धक्का बसला तरी ते तडकत नाही, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे, वल्ही आणि क्रिकेटचे स्टंप त्याचे करतात. रोमन लोक त्याचे भाले करत, आणि ओव्हिडसारखे कवी तर नुसतं 'फ्रॅक्सिनस' म्हणून भाला असा अर्थ घेत. जुन्या इंग्रजीत 'अ‍ॅश' आणि ग्रीकमध्ये 'मेलिया' या अ‍ॅशच्या नावांचाही असाच भाला झाला.

उच्चार फ्रॅक्सिनस की फ्राक्सिनुस?

वनस्पतिशास्त्राच्या वर्गात फ्रॅक्सिनस चालतं, ते इंग्रजी वळणाचं आहे. अभिजात लॅटिन उच्चार फ्राक्सिनुसच्या जवळचा. आघात पहिल्या अक्षरावर, कारण उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातली) 'इ' ऱ्हस्व आहे. हा आघात लक्षात ठेवा. पुढे फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये मधला स्वर का गळला, ते त्यावरूनच कळतं.

पहिला स्वर 'अ' होता की 'आ', हे लॅटिन पद्यावरून ठरवता येत नाही. पुढे 'क्स' असं जोडव्यंजन असल्यामुळे ते अक्षर स्वर ऱ्हस्व असला तरी गुरूच मोजलं जातं. आपल्या वृत्तांतही जोडाक्षरामागचं अक्षर गुरू होतं, तसंच हे.

भूर्ज आणि फ्रॅक्सिनस एकाच मुळातून आले, हे खरं का? ऐकायला तर काहीच साम्य नाही.

खरं आहे. साम्य कानाला जाणवत नाही हे ठीकच आहे, कारण हजारो वर्षांच्या अंतरावर नातं कानाने ओळखत नाहीत. ध्वनींची जुळणी नियमित आहे का, ते पाहतात. इथे तीन जागा तपासायच्या.

पहिली जागा, सुरुवातीचा भ. मूळ इंडो-युरोपीय (संस्कृत, लॅटिन, इंग्रजी अशा भाषांच्या समान पूर्वज भाषेतला) 'भ' संस्कृतात भ राहिला, लॅटिनमध्ये शब्दारंभी फ झाला, आणि जर्मानिक (इंग्रजी, जर्मन), स्लाव्हिक (रशियन) व बाल्टिक (लिथुएनियन) भाषांत ब झाला. भ्राता (त्याचा आपला भाऊ), लॅटिन फ्रातेर, इंग्रजी ब्रदर. भरति (त्यातला भार), लॅटिन फेरो, इंग्रजी बेअर. भूर्ज, फ्रॅक्सिनस, बर्च हीदेखील त्याच साच्यातली जुळणी.

दुसरी जागा, शेवटचा ज. मूळ तालव्य 'ग' संस्कृतात ज झाला, लॅटिनमध्ये ग राहिला, जर्मानिकमध्ये क झाला, स्लाव्हिकमध्ये झ. 'आजानुबाहू'मधला जानु म्हणजे गुडघा, तो लॅटिनमध्ये गेनु आणि इंग्रजीत नी. या 'नी'च्या स्पेलिंगमधला मुका 'के' पूर्वी उच्चारला जायचा. त्याच नियमाने भूर्जाचा ज जर्मन बिर्केमध्ये क आहे आणि रशियन बेर्योझामध्ये झ. इंग्रजी बर्चमधला च हा त्या क-चाच पुढचा अवतार. लॅटिन फ्राक्सिनुसमधला 'क्स' म्हणजे ग अधिक स. स लागला की ग-चा क होतो.

तिसरी जागा सगळ्यांत बारीक आणि म्हणूनच सर्वांत भरवशाची. भूर्जात र-च्या आधी दीर्घ ऊ का? मूळ रूप *भृह्ग- असं होतं. त्यात ऋ-नंतर एक कंठ्य ध्वनी होता, जो पुढे लोपला. तो जाताना संस्कृतात दीर्घ स्वर मागे ठेवून जातो. ओष्ठ्य वर्णानंतर ऊर् (पूर्ण, भूर्ज), इतरत्र ईर् (दीर्घ, तीर्ण). लॅटिन याच जागी 'रा' दाखवते. 'विस्तीर्ण'मधल्या स्तीर्णचा लॅटिन भाऊ स्त्रातुस आहे. तेव्हा स्तीर्णला जसा स्त्रातुस, तसा भूर्जाला 'फ्राग-'. लिथुएनियन बेर्झासचा स्वराघातही त्याच लोपलेल्या ध्वनीची खूण देतो. इतकी आडवळणाची गोष्ट तीन भाषांत योगायोगाने जुळत नाही.

मूळ अर्थ काय होता?

'चकाकणारं, पांढरं'. संस्कृत भ्राजते म्हणजे झळकतो, इंग्रजी ब्राइटही त्याच धातूचं. पांढऱ्या सालीच्या झाडाला 'पांढरं' असं नाव पडणं यापेक्षा सरळ काही नाही. स्लाव्हिक, बाल्टिक, जर्मानिक, संस्कृत आणि कॉकेशसमधली इराणी कुळातली ओसेटिक या सगळ्यांत हा शब्द बर्चच दाखवतो. चेक भाषेत मार्च महिन्याचं नाव ब्रेझेन आणि युक्रेनियनमध्ये बेरेझेन आहे, दोन्ही बर्चवरून.

मग एकट्या लॅटिनमध्येच तो शब्द अ‍ॅशला कसा चिकटला?

झाडं जागची हलत नाहीत, माणसं हलतात. लॅटिनचे पूर्वज उत्तरेकडून इटलीत उतरले तेव्हा बर्च मागे राहिला. इटलीत तो आल्प्समध्ये, अपेनाइन्सच्या काही उंच भागांत आणि सिसिलीत एटनाच्या उतारांवर आहे. रोमभोवतीच्या लाटियमच्या सखल शिवारात तो रोज दिसत नाही. शब्द मात्र जिभेवर होता. फिकट साल आणि फिकट लाकूड असलेलं, रोज कामी येणारं दुसरं झाड समोर होतं, त्याला तो लागला.

असं फक्त इथेच झालं असं नाही. बीच या झाडाचं नाव लॅटिनमध्ये फागुस आहे, पण त्याचाच ग्रीक भाऊ फेगोस ओकला लागतो. अल्बेनियनमध्ये अ‍ॅशचं मूळ नाव 'आह' या रूपात बीचला लागलं आहे. ताजिकमध्ये भूर्जाचा नातलग 'बुर्स' जुनिपरला लागतो. म्हणून वृक्षनामांची व्युत्पत्ती पाहताना 'झाड वेगळं आहे, म्हणजे शब्दही वेगळा' असं म्हणणं चुकीचं ठरतं. ध्वनीचा नियम कडक असतो, अर्थ सैल असतो.

आणि फ्रॅक्सिनसच्या घरात हे दोनदा घडलं. त्याचा एक जुळा शब्द होता, फार्नुस. जमिनीला घालायच्या फळ्यांबद्दल लिहिताना रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस सांगतो की फार्नुसची फळी फार काळ टिकत नाही. या फार्नुसवरून आलेलं इटालियन फार्निया आज ओकच्या एका जातीचं नाव आहे, क्वेर्कुस रोबुरचं. बर्चचा अ‍ॅश, अ‍ॅशचा ओक!

अ‍ॅशला लॅटिनमध्ये आधी दुसरं नाव नव्हतं का?

होतं आणि ते टिकलंही, फक्त बाजूला सरकलं. इंग्रजी अ‍ॅश, रशियन यासेन, लिथुएनियन उओसिस, वेल्श ओनेन यांचा सख्खा लॅटिन भाऊ म्हणजे ओर्नुस. मधला स लॅटिनमध्ये दोन स्वरांत सापडून र झाला, म्हणून नातं पटकन दिसत नाही. ओर्नुस हे नाव फुलांच्या अ‍ॅशपुरतं उरलं. लिनियसने १७५३ मध्ये त्याला फ्रॅक्सिनस ऑर्नस असं नाव दिलं. म्हणजे या एका शास्त्रीय नावात मुळातला बर्च आणि मुळातला अ‍ॅश शेजारी शेजारी बसले आहेत.

सिसिलीत मादोनिये डोंगरातल्या कास्तेलबुओनो आणि पोल्लिना इथे याच झाडाच्या खोडाला उन्हाळ्यात आडव्या चिरा देतात. पाझरलेला रस वाळून पांढरी गोडसर कांडी होते. तिला मान्ना म्हणतात. मेंदूची सूज उतरवायला रुग्णालयात शिरेतून देतात त्या मॅनिटॉलचं नाव या मान्नावरून आलं. प्रूस्त या रसायनशास्त्रज्ञाने १८०६ मध्ये तो मान्नातून वेगळा केला होता.

बर्चला रोमन लोक काय म्हणत?

बेतुला किंवा बेतुल्ला. हा शब्द त्यांनी गॉल लोकांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या केल्टिक भाषा बोलणाऱ्यांकडून, घेतला. घरचा शब्द अ‍ॅशला देऊन टाकल्यावर बर्चसाठी शेजाऱ्याकडे जावं लागलं. रोमन लेखक प्लिनी त्याला गॉलचंच झाड म्हणतो, त्याच्या विलक्षण पांढरेपणाबद्दल लिहितो, आणि गॉलमध्ये त्यापासून डांबरासारखा चिकट पदार्थ काढतात हेही नोंदवतो.

हा शेवटचा तपशील मोलाचा आहे. गॉलिश शब्दाचा मूळ अर्थ 'राळेचं झाड' असा बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्याचा संस्कृत नातलग आहे जतु, म्हणजे लाख. पांडवांसाठी उभारलेलं जतुगृह त्यातलंच. शिलाजतु म्हणजे आपलं शिलाजीत, तेही त्यातलंच. केल्टिकमध्ये मूळ 'ग्व'चा ब होतो, संस्कृतात पुढे मुळात ए असेल (जो नंतर अ झाला) तर त्याच ध्वनीचा ज होतो. म्हणून एकीकडे बेतु-, दुसरीकडे जतु. आता गंमत पाहा: हिमालयातल्या भूर्जाचं शास्त्रीय नाव बेतुला युटिलिस. संस्कृत नावाचा भाऊ अ‍ॅशकडे गेला, आणि शास्त्रीय नावाचा भाऊ लाखेकडे.

बेतुलाचे वंशज थोडक्यात: इटालियन बेतुल्ला, कातालान बेदोल, स्पॅनिश आबेदुल, फ्रेंच बूलो.

याचा अर्थ लॅटिन संस्कृतातून निघाली, असा घ्यायचा का?

नाही. दोघी बहिणी आहेत, आई-मुलगी नव्हेत. फ्रॅक्सिनस भूर्जावरून बनला असता तर त्याच्यात भूर्जाचा ज कुठेतरी दिसला असता. लॅटिनमध्ये ग आहे, आणि तो मुळाच्या जास्त जवळ आहे. उलट संस्कृताने भ-चा महाप्राण जपला, लॅटिनने घालवला. प्रत्येकीने वेगळी गोष्ट जपली आहे, म्हणूनच तिसरं, दोघींच्या आधीचं रूप मानावं लागतं. मराठीत हा गैरसमज फार पसरलेला आहे, आणि त्यामुळे उत्तम पुरावा वाईट निष्कर्षासाठी वापरला जातो.

फ्रॅक्चर, फ्रॅजाइल यांचा फ्रॅक्सिनसशी संबंध आहे का?

नाही. ते फ्रांगेरे म्हणजे मोडणे या धातूचे, इंग्रजी ब्रेकचे भाऊ. पण चूक जुनी आहे. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरने फ्रॅक्सिनसची व्युत्पत्ती खडबडीत, तुटक्या डोंगराळ जागांवरून दिली होती. एकट्या लॅटिनपुरतं पाहिलं तर दोन्हीकडे 'फ्राग-' दिसतो आणि फसायला होतं. बहिणी शेजारी आणल्या की दोन धातू वेगळे पडतात: इकडे बर्च, तिकडे ब्रेक.

गोव्यातून एक प्रश्न येतो, फ्रेतास हे आडनाव फ्रेइशो या पोर्तुगीज अ‍ॅशवरून आलं का? नाही. ते खरोखरच 'मोडलेल्या'वरून आलं आहे, लॅटिन फ्राक्ता, म्हणजे फुटका खडक.

फ्राक्सिनुसचे आजचे वंशज कोणते, आणि प्रत्येकात नेमकं काय बदललं?

इटालियन फ्रास्सिनो. सगळ्यांत जपून ठेवलेलं रूप. 'क्स'चा स्स झाला, बाकी जवळपास तसंच. साक्सुम म्हणजे दगड, त्याचं सास्सो, तसंच हे. संस्कृत क्षेत्राचं आपलं शेत आणि मक्षिकेची माशी झाली, तीही जोडव्यंजन सोपं करण्याचीच प्रक्रिया.

फ्रेंच फ्रेन. आघात पहिल्या अक्षरावर असल्यामुळे मधली 'इ' गळली. उंदीरचं उंदराला होताना मधली ई जाते, तसं. मग फ्राक्सनु, त्यातला क मऊ होऊन य, म्हणजे फ्राय्स्न. पुढे आय-चा ए, फ्रेस्न. तैलाचं तेल झालं त्याच दिशेचा बदल. शेवटी स मुका झाला. तो लिहायचा मात्र थांबला नव्हता. फ्रेंच अकादमीच्या १७४० च्या कोशाने असे पुष्कळ मुके स काढून स्वरावर टोपी (^) चढवली. म्हणून आज शब्दात टोपी आहे आणि जुन्या आडनावांत स आहे.

स्पॅनिश फ्रेस्नो. इथेही 'इ' गळली आणि आय-चा ए झाला, पण स टिकला. विद्यार्थी इथे अडखळतात, कारण स्पॅनिशमध्ये लॅटिन 'क्स'चा नेहमी ख-सारखा घर्षक ध्वनी होतो, जसं ताक्सुसचं तेखो. मग 'फ्रेखो' का नाही? कारण 'इ' लवकर गळली आणि 'क्स'ला लगेच न भिडला. व्यंजनापुढे तो बदल होत नाही. बदलांचा क्रम चुकवला तर उत्तर चुकतं.

पोर्तुगीज आणि गॅलिशियन फ्रेइशो. इथे 'क्स'चा 'इश' झाला आणि दोन स्वरांतला न लोपला, जसं लुना म्हणजे चंद्र, त्याचं लुआ. पोर्तुगीजमध्ये 'एक्स' अक्षर श-साठी लिहितात ते याच बदलामुळे, आणि गोव्यातल्या रोमी कोंकणीत श-साठी 'एक्स' लिहिण्याची रीत तिथूनच आली आहे.

कातालान फ्रेशे, ऑक्सितान फ्राइसे, रोमेनियन फ्रासिन.

अल्बेनियन फ्राशर. ही रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेली, भाषा नाही, पण रोमन काळात तिने शेकडो लॅटिन शब्द घेतले. उत्तरेकडच्या गेग बोलीत फ्राशन असं न राहिलं, दक्षिणेकडच्या तोस्क बोलीत दोन स्वरांतल्या न-चा र झाला. या दोन बोली ओळखण्याची ती प्रसिद्ध खूण आहे.

लॅटिनमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी होता. या वंशजांपैकी इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज अशा बहुतेक भाषांत तो पुल्लिंगी झाला, कारण शेवटचं -उस किंवा -ओ हे रूप कानाला पुल्लिंगीच वाटतं.

गावांच्या नावांत तो कसा ओळखायचा?

आधी -एतुम हा प्रत्यय पाहा. लॅटिनमध्ये झाडाच्या नावाला तो लागला की 'त्या झाडांची राई' असा अर्थ होतो. आपल्याकडे आमराई, तसं फ्राक्सिनेतुम म्हणजे अ‍ॅशराई. याच एका शब्दाचे प्रदेशागणिक वेगवेगळे चेहरे आहेत: पश्चिम फ्रान्समध्ये फ्रेने, उत्तरेत फ्रेन्वा, दक्षिणेत ऑक्सितान वळणाचं फ्रेसिने, इटलीत फ्रास्सिनेतो. फ्रेंच नकाशावर शेवट पाहून प्रदेशाचा अंदाज बांधता येतो. स्पेनमध्ये फ्रेस्नेदा आणि फ्रेस्नेदो, कातालोनियात फ्रेशनेदा. कावा वाइनसाठी जगभर माहीत असलेलं फ्रेशनेत हे नाव त्या घराण्याच्या ला फ्रेशनेदा या शेतवाडीवरून आलं. पोर्तुगालमध्ये फ्रेइशो द इश्पादा आ सिंता, म्हणजे 'कमरेला तलवार असलेला अ‍ॅश', नावाचं गाव आहे.

इतिहासात गाजलेलं फ्राक्सिनेतुम दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये होतं. नवव्या शतकाच्या अखेरीपासून ९७२ च्या सुमारापर्यंत तिथे अरब टोळ्यांचा तळ होता, आणि आल्प्सच्या खिंडींवर त्यांची दहशत होती. आजच्या ला गार्द-फ्रेने या गावात ते नाव शिल्लक आहे.

कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो हे याच शब्दाचं सर्वांत मोठं शहर. १८७२ मध्ये सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या स्थानकाभोवती ते वसलं. नाव स्पॅनिश, सॅन वाकिन नदीच्या परिसरातल्या अ‍ॅशवरून. तिथला अ‍ॅश युरोपातला नव्हे, तो फ्रॅक्सिनस लॅटिफोलिया. फ्रेस्नो मिरचीचं नाव या शहरावरून आहे, झाडावरून थेट नाही.

एक खबरदारी. गावाचं आजचं नाव पाहून निष्कर्ष काढू नका. जुन्या दानपत्रांत किंवा चर्चच्या नोंदींत ते लॅटिनमध्ये कसं लिहिलं होतं, ते आधी शोधा. फ्रेंचमध्ये 'फ्रे' हा उच्चार अनेक मुळांतून येऊ शकतो.

आडनावांत?

फ्रान्समध्ये भरपूर. द्यूफ्रेन म्हणजे 'अ‍ॅशपाशी राहणारा', आपल्या पिंपळे, वडगावकर यांच्या जातीचं. मध्ययुगीन लॅटिनचा महाकोश १६७८ मध्ये देणारे द्यू कांज यांचं मूळ नाव शार्ल द्यू फ्रेन. लॅटिन शब्दांचा एवढा मोठा साठा ज्याने रचला, त्याच्याच नावात फ्राक्सिनुस दडला आहे.

नॉर्मंडीत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ ऑगुस्तँ फ्रेनेल (१७८८ ते १८२७) हे लघुत्ववाचक 'छोटा अ‍ॅश'. त्यांचं पायऱ्यापायऱ्यांचं भिंग १८२३ मध्ये कॉर्दुआन दीपगृहात लागलं. चित्रीकरणाच्या सेटवर ज्या दिव्याला फ्रेनेल म्हणतात, तो तेच भिंग वापरतो. उच्चार फ्रेनेल, 'फ्रेस्नेल' नाही. स मुका का, ते वर आलंच.

आपल्याकडच्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पूर्वताणित काँक्रीटमधली 'फ्रेसिने पद्धत' माहीत असते. ते एझेन फ्रेसिने (१८७९ ते १९६२), दक्षिणेकडची अ‍ॅशराई. आणि अल्बेनियाचे राष्ट्रकवी नाइम फ्राशरी (१८४६ ते १९००) यांचं आडनाव त्यांच्या फ्राशर या गावावरून आहे.

शास्त्रीय नाव लिहिताना अमेरिकाना की अमेरिकानुस?

फ्रॅक्सिनस अमेरिकाना. शेवट -उस असला तरी लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, आणि वनस्पतिशास्त्राने ते लिंग कायम ठेवलं आहे. म्हणून फ्रॅक्सिनस नायग्रा, फ्लोरिबंडा. म्हणूनच पिंपळ फायकस रिलिजिओसा आणि उंबर फायकस रेसिमोसा. प्रयोगवहीत 'रिलिजिओसस' लिहून गुण जातात ते -उस पाहून पुल्लिंगी समजल्यामुळे. एक्सेल्सिऑरसारखं विशेषण पुल्लिंगी-स्त्रीलिंगी दोन्हींत सारखंच असतं, तिथे प्रश्न येत नाही. मॅपलचं एसर हे नपुंसकलिंगी, म्हणून क्वेर्कस रुब्रा पण एसर रुब्रम.

हा नियम झाडापुरता आहे. युरोपातले अ‍ॅश मारणाऱ्या बुरशीला २००६ मध्ये कालारा फ्रॅक्सिनिया असं स्त्रीलिंगी विशेषण मिळालं. पुढे प्रजाती बदलून हायमेनोस्किफस झाली, ती पुल्लिंगी, म्हणून आता फ्रॅक्सिनियस.

भूर्जपत्र हे पान असतं की साल?

साल. 'पत्र'मुळे गोंधळ होतो. बेतुला युटिलिस हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर वाढतो, आणि त्याची साल कागदासारख्या पातळ थरांत सुटते. थर सुटतात म्हणूनच ती लिहायला सोयीची, आणि त्याच कारणाने जुनी पोथी हाताळताना फार नाजूक. थर एकमेकांपासून सुटतात आणि सालीतल्या आडव्या रेघांवर भेगा जातात.

कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात विद्याधर सुंदरी भूर्जाच्या सालीवर धातुरसाने प्रेमपत्रं लिहितात. गणिताची बखशाली पोथी १८८१ मध्ये सापडली, ती भूर्जपत्रावरचीच. महाराष्ट्रात हे पाहायचं तर पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था. जर्मन संस्कृततज्ज्ञ ब्यूलर यांनी १८७५ मध्ये मुंबई सरकारसाठी काश्मीरमधून मिळवलेली हस्तलिखितं तिथे आहेत. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ज्या ३० पोथ्यांची २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली, त्यांतली एक शारदा लिपीत, भूर्जपत्रावर आहे.

एखाद्या वृक्षनामाची व्युत्पत्ती स्वतः तपासायची तर कशी?

शब्दाचं सर्वांत जुनं लिखित रूप घ्या. आजच्या रूपावरून कधीच सुरुवात करू नका. मग त्याच्या प्रत्येक व्यंजनासाठी झाडाशी संबंध नसलेले किमान दोन शब्द शोधा, ज्यांत तीच जुळणी दिसते. भ-फ-ब साठी भ्राता आणि भरति होते, तसे. एक जोडी योगायोग असू शकते, दोन-तीन जोड्या नियम दाखवतात. एखादं व्यंजन नियमात बसत नसेल तर ते गुपचूप सोडून देऊ नका. बहुतेक वेळा शब्द उसना आहे याची ती खूण असते. लॅटिनमध्ये बेतुलाचा ब असाच उघडा पडतो: मूळ 'ग्व'चा अस्सल लॅटिनमध्ये व व्हायला हवा होता.

अर्थ सगळ्यांत शेवटी पाहा. आणि तो पाहताना झाड कुठे वाढतं याचा नकाशा शेजारी ठेवा. नाव बदललं त्या ठिकाणी जुनं झाड नव्हतं किंवा विरळ होतं, असं दिसलं तर व्युत्पत्तीला बळ मिळतं. मराठी मुलखात भूर्ज वाढत नाही, तरी शब्द आहे, कारण वस्तू व्यापाराने आणि पोथ्यांतून आली. म्हणून शब्द असला म्हणजे झाड होतंच, असंही समजू नका.

अ‍ॅशेस मालिकेचा या अ‍ॅशशी संबंध आहे का?

नाही. इंग्रजीत राख आणि झाड हे दोन निराळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीत त्यांची रूपंही वेगळी होती, पुढे उच्चार एक झाला. राखेचा शब्द जळण्याच्या, कोरडं होण्याच्या मुळातला, झाडाचा ओर्नुसच्या घराण्यातला. मालिकेचं नाव १८८२ मध्ये इंग्लंडच्या पराभवानंतर छापलेल्या विनोदी मृत्युलेखातल्या राखेवरून पडलं. स्टंप मात्र आजही बहुतेक अ‍ॅशचेच असतात.